इंद्रगोप आणि मृगाचा किडा : एका कीटकनामाच्या अर्थाची व उपयोगाची समीक्षा

बीजसंज्ञा : इंद्रगोप, मृगाचा किडा, कोशार्थ, वर्षावर्णन, शोणितवर्ण, नक्षत्रनाम

प्रस्तावना :

संस्कृत काव्यातील वर्षावर्णने शिकवताना 'इंद्रगोप' हा शब्द हमखास समोर येतो आणि बहुतेक वेळा 'एक तांबडा किडा' एवढ्यावर त्याची बोळवण होते. विद्यार्थी तो अर्थ वहीत उतरवून घेतो आणि श्लोक पुढे सरकतो. याउलट खेड्यातून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला 'मृगाचा किडा' म्हटले की लगेच काही आठवते. पहिल्या पावसानंतर बांधावर दिसणारा, मखमलीसारखा मऊ, गडद तांबडा, बोट लावले की पाय आखडून निपचित होणारा तो जीव त्याने कधीतरी काड्यापेटीत हिरव्या गवताच्या काड्यांवर ठेवून शाळेत नेलेला असतो. हे दोन शब्द एकाच जीवाची नावे आहेत, ही गोष्ट मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाते. एक शब्द कोशात राहिला, दुसरा शेतात. कोशातल्या शब्दाला अर्थ आहे पण प्रतिमा नाही आणि शेतातल्या शब्दाला प्रतिमा आहे पण ग्रंथात प्रवेश नाही.

प्रस्तुत लेखात 'इंद्रगोप' या शब्दाला कोशकारांनी व भाषांतरकारांनी दिलेले अर्थ तपासून पाहिले आहेत. काव्यात व आयुर्वेदात हा शब्द ज्या रीतीने वापरला गेला आहे, ती रीत या अर्थांना कितपत मानवते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. 'मृगाचा किडा' हे मराठी नाव केवळ ग्रामीण पर्याय नसून 'इंद्रगोप' या शब्दाच्या अर्थनिर्णयाचे एक साधन आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

कोशांतील अर्थ :

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात (८.४६.३२) 'इंद्रगोप' हा शब्द विशेषण म्हणून आलेला आहे. तेथे त्याचा अर्थ 'इंद्र ज्यांचा रक्षक आहे असे' असा होतो आणि किड्याशी त्याचा संबंध नाही. 'गोप' म्हणजे मुळात गाई राखणारा आणि पुढे कोणताही रक्षक. किड्याचे नाव म्हणून हा शब्द रूढ झाला तेव्हा समासाची ही जुनी घडण कायम राहिली असावी, असे मानण्यास जागा आहे. इंद्र हा पावसाचा देव. पावसाबरोबर जो येतो आणि पावसाबरोबर जो नाहीसा होतो, तो इंद्राने राखलेला. 'शक्रगोप' हा पर्यायही याच अर्थाचा आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या 'अभिधानचिंतामणी'त इंद्रगोपाचे जे पर्याय दिले त्यांत 'अग्निक' हा शब्द आहे. म्हणजे त्याच्याही मनात ठिणगीसारखा तांबडा रंगच होता.

आधुनिक कोशांत मात्र गोंधळ दिसतो. मोनिअर विल्यम्स यांच्या १८९९ च्या कोशात या शब्दाचा अर्थ 'कोचिनील' असा दिला आहे. मॅक्स म्युलर यांनी १८८४ साली बृहदारण्यक उपनिषदाच्या भाषांतरात हाच शब्द वापरला. ह्यूम यांनी १९२१ मध्ये मूळ शब्द कायम ठेवून त्याला भुंगेऱ्याच्या वर्गात बसवले. पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्या १९९६ च्या भाषांतरात तो केवळ 'लाल किडा' उरला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या कोशात 'तांबड्या किंवा पांढऱ्या रंगाचा एक किडा' अशा आशयाचा अर्थ आहे. यांपैकी ऑलिव्हेल यांचा अर्थ चुकीचा नाही, पण त्यातून काही दिसतही नाही. आपट्यांच्या अर्थातील 'पांढरा' या पर्यायाला पुढे पाहिलेल्या एकाही प्रयोगाचा आधार मिळत नाही. ज्या भाषेत या जीवाला रोजच्या बोलण्यातले नाव आहे, त्या भाषेच्या माणसाने ते नाव येथे नोंदवले असते तर पुढचा बराचसा घोळ टळला असता, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

'कोचिनील' हा अर्थ तर मुळातच टिकणारा नाही. कोचिनील हा अमेरिका खंडातील खवलेकीटक. तो फड्या निवडुंगावर एका जागी चिकटून राहतो, त्याच्या मादीच्या अंगावर मेणासारखे पांढरे आवरण असते आणि ती चिरडली की लाल रंग निघतो. डाळिंबावरच्या पिठ्या ढेकणाची ज्यांना ओळख आहे त्यांना त्याच्या रूपाची कल्पना येईल. फड्या निवडुंग हीच वनस्पती भारतात युरोपीय लोकांबरोबर आली. कोचिनील किडा १७९५ साली ब्राझीलमधून बंगालमध्ये आणला गेला, आणि तोही रंगासाठी उपयोगी असलेली जात नसून तिची एक नातलग जात निघाली. तिने चांगल्या प्रतीचा रंग दिला नाही, निवडुंग मात्र फस्त केला. उपनिषत्कारांना, वाल्मीकींना किंवा कालिदासाला हा कीटक माहीत असण्याची शक्यताच नाही. तो गवतावर हिंडत नाही आणि पावसाशी त्याचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वानांना 'लाल रंगाचा किडा' म्हटल्यावर बाजारातला रंग आठवला आणि तोच कोशात बसला, एवढाच याचा अर्थ.

भारतात या कीटकाचा नातलग आहे तो लाखेचा किडा. तेव्हा कोचिनीलऐवजी 'लाखेचा किडा' असा अर्थ करावा, असे कोणी म्हणू शकेल. पण त्याचे उत्तर प्राचीन ग्रंथकारांनीच देऊन ठेवले आहे. त्यांच्याजवळ लाखेसाठी 'लाक्षा' आणि 'अलक्तक' हे वेगळे शब्द होते आणि ते इंद्रगोपाच्या शेजारी, वेगळी वस्तू म्हणून वापरले गेले आहेत.

दुसरा, अधिक घरगुती गैरसमज काजव्याचा. सोपा अर्थ सांगण्याच्या भरात इंद्रगोप म्हणजे काजवा असे अधूनमधून ऐकू येते. ही चूक समजण्यासारखी आहे. सह्याद्रीत भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचा बहर असतो तो मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी, म्हणजे मृगाच्या किड्याच्या आगेमागेच. दोघेही पावसाचे निरोपे. परंतु काजव्यासाठी संस्कृतात 'खद्योत' हा स्वतंत्र शब्द आहे आणि कालिदासाने तो 'मेघदूता'च्या उत्तरार्धात योजला आहे. तेथे मेघाने विजेची दृष्टी कशी मिणमिणती करावी हे सांगताना काजव्यांच्या रांगेची उपमा येते. ज्या कवीजवळ प्रकाशणाऱ्या किड्यासाठी एक शब्द आहे आणि तांबड्या किड्यासाठी दुसरा, त्या कवीचे दोन्ही शब्द एकच मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

भारताबाहेरच्या अभ्यासकांपैकी सीगफ्रीड लीनहार्ड यांनी १९७८ साली या शब्दाच्या अर्थावर व उपयोगावर स्वतंत्र निबंध लिहून तो तांबड्या मखमली कोळ्याशी जोडला. तेथपर्यंत विद्वत्तेला जो वळसा घ्यावा लागला, तो मराठी शेतकऱ्याला घ्यावा लागला नसता.

प्रत्यक्ष जीव :

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मृगाचा किडा हा कीटक नाहीच. तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या वर्गातील अष्टपाद जीव आहे. भारतातील मोठ्या जातीला ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम या नावाने ओळखले जाते. त्याची लांबी सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत भरते आणि सबंध अंगावर दाट, आखूड लव असते. अळीच्या अवस्थेत त्याला सहाच पाय असतात व त्या काळात तो नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगावर परजीवी म्हणून जगतो. पुढे आठ पाय येतात आणि तो जमिनीत राहून इतर कीटकांची अंडी खातो. जमीन भिजली की प्रौढ जीव वर येतात, थोडे दिवस दिसतात आणि पुन्हा मातीत जातात. त्यांचा भडक तांबडा रंग हा भक्षकांना दिलेला इशारा समजला जातो.

येथे शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'हा कीटक नाही, म्हणून त्याला किडा म्हणणे चूक' असे शालेय उत्साहाने म्हणता येते, पण ते बरोबर नाही. मराठीतील 'किडा' आणि संस्कृतातील 'कीट' हे शब्द पाय मोजून वापरले जात नाहीत. लहान, सरपटणारा वा चालणारा कोणताही जीव त्यांत बसतो. 'कीटक' या शब्दाला सहा पायांची अट शास्त्राने नंतर घातली. खरी अडचण दुसरीकडे आहे. शेतीच्या आजच्या भाषेत 'लाल कोळी' म्हणजे वांग्यावर, भेंडीवर पडणारी, पानातील रस शोषणारी सूक्ष्म कीड. शास्त्रशुद्ध भाषांतराच्या हौसेने इंद्रगोपाला 'लाल कोळी' म्हटले तर कालिदासाचा किडा थेट फवारणीच्या यादीत जाऊन बसेल. मृगाचा किडा पिकाला अपाय करीत नाही. तेव्हा येथे जुने नावच बरे.

काव्यातील उपयोग :

बृहदारण्यक उपनिषदात (२.३.६) पुरुषाच्या रूपासाठी काही उपमाने एकापाठोपाठ येतात : हळदीने रंगवलेले वस्त्र, पांढुरकी लोकर, इंद्रगोप, अग्नीची ज्वाला, पांढरे कमळ आणि विजेचा लखलखाट. शांकरभाष्यात इंद्रगोप हा अत्यंत तांबडा असतो एवढे सांगितले आहे आणि रंगाच्या दृष्टीने ते पुरेसे आहे. तरीही या यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. वस्त्र आणि लोकर या स्पर्शाने कळणाऱ्या वस्तू आहेत, ज्वाला आणि वीज या केवळ दिसणाऱ्या. इंद्रगोप या दोहोंच्या मध्ये आहे. मखमलीसारखी लव असलेला आणि तरीही ठिणगीसारखा लाल असा जीव नेमका त्या जागी शोभतो. ही योजना हेतुपूर्वक आहे असे सिद्ध करता येणार नाही, परंतु 'कोचिनील' वाचणाऱ्याला ती दिसणारच नाही, एवढे निश्चित.

वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडातील वर्षावर्णनात (सर्ग २८) ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. कोवळ्या गवतावर लहान इंद्रगोप विखुरले आहेत आणि त्यामुळे भूमी शोभते आहे, असे राम लक्ष्मणाला सांगतो. ती कशी? पोपटी रंगाचे, लाखेच्या रसाचे शिंतोडे उडवलेले कांबळे अंगावर घेतलेल्या स्त्रीसारखी. या उपमेत लाक्षा हे उपमान आहे आणि इंद्रगोप हे उपमेय. इंद्रगोप म्हणजे लाखेचा किडा असता तर उपमा कोसळली असती, कारण एखाद्या वस्तूला तिचीच उपमा देण्यात कवीला स्वारस्य नसते. आणि उपमान आहे ते कांबळे, म्हणजे लोकरीचे वस्त्र.

'ऋतुसंहारा'च्या वर्षासर्गात, म्हणजे परंपरेने कालिदासाच्या मानल्या गेलेल्या काव्यात, हेच चित्र दागिन्यांच्या भाषेत येते. वैडूर्याच्या तुकड्यांसारखे तृणांकुर, कंदलीची पाने आणि इंद्रगोप यांनी नटलेली पृथ्वी ही पांढऱ्याखेरीज इतर रंगांची रत्ने ल्यालेल्या सुंदर स्त्रीसारखी दिसते. कवीने येथे 'शुक्लेतर' म्हणजे पांढऱ्याहून वेगळी असे रत्नांना विशेषण लावले आहे. आपट्यांच्या 'पांढऱ्या' पर्यायाचा विचार करताना हे विशेषण विसरता येत नाही.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रयोग 'विक्रमोर्वशीय' नाटकाच्या चौथ्या अंकातील आहे. उर्वशी नाहीशी झाल्याने वेडावलेला पुरूरवा वनात तिच्या खुणा शोधत फिरतो आहे. त्याला पोपटाच्या पोटासारखे हिरवे काहीतरी दिसते आणि त्यावर तांबडे ठिपके. त्याला वाटते, ही तिची कंचुकीच गळून पडली आहे आणि तिच्यावर हे अश्रू पडले आहेत, ओठांचा रंग घेऊन ओघळलेले. तो उचलायला वाकतो आणि त्याच्या लक्षात येते की हे इंद्रगोपांसह उगवलेले नवे गवत आहे. येथे केवळ रंगसादृश्य नाही. हा भ्रम खरा वाटावा यासाठी तीन गोष्टी लागतात : हिरवी कोवळी जमीन, तिच्यावर वेगवेगळे सुटे तांबडे ठिपके, आणि त्या ठिपक्यांचा कापडासारखा, न चकाकणारा पोत. भुंगेरा चकाकतो, त्याचे पंखावरचे कवच कठीण असते. ढालकिडा ठिपक्यांचा असतो. काजव्याचा तर दिवसा प्रश्नच नाही. मृगाचा किडा मात्र खरोखरच कापडावर सांडलेल्या रंगाच्या थेंबासारखा दिसतो आणि जवळ जाऊन पाहीपर्यंत तो जिवंत आहे हे कळत नाही. पुरूरव्याचा भ्रम आणि त्याचा निरास हे दोन्ही या एका जीवाच्या स्वभावावर उभे आहेत. 'लाल किडा' असा अर्थ वाचणाऱ्याला राजा फक्त वेडा वाटतो. मृगाचा किडा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेड समजते.

या प्रयोगांमध्ये एक गोष्ट समान आहे. वर्षावर्णनातील इंद्रगोप एकटा येत नाही, तो नव्या गवतासह येतो. आणि दोन ठिकाणी ते गवत व ते किडे मिळून वस्त्र होतात. तेव्हा काव्यात 'इंद्रगोप' या शब्दाचा अर्थ 'तांबडा किडा' एवढा नसून 'पहिल्या पावसाच्या हिरवळीवरचा तांबडा मऊ ठिपका' असा आहे. जागा आणि वेळ हे त्या शब्दाच्या अर्थाचे भाग आहेत. कोशार्थाने नेमके तेच गाळले.

आयुर्वेदातील उपयोग :

आयुर्वेदात शब्दाचा उपयोग बदलतो. तेथे ऋतू आणि गवत गळून पडतात, उरतो तो फक्त रंग. पण तो रंग अतिशय काटेकोरपणे हवा असतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय १४) प्राकृत रक्ताचे लक्षण सांगताना ते इंद्रगोपासारखे, न गोठलेले आणि विवर्ण न झालेले असावे असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी कफाने दूषित झालेले रक्त गेरूच्या पाण्यासारखे असते असेही सांगितले आहे. गेरूही तांबडाच. म्हणजे निरोगी आणि दूषित यांतील भेद तांबडा आणि तांबडा यांतील आहे आणि 'लाल किडा' हा अर्थ येथे वैद्याच्या काही उपयोगाचा नाही. चरकसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय २४) शुद्ध रक्तासाठी तापवलेले सोने, इंद्रगोप, कमळ, अलक्तक आणि गुंज अशी उपमाने आहेत. येथेही अलक्तक म्हणजे लाखेचा रंग स्वतंत्रपणे मोजला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही शुद्ध रक्ताच्या वर्णनात कमळ आणि सोने यांच्या जोडीला इंद्रगोप आहे. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत माणकाच्या रंगासाठी गुंज, जास्वंद यांबरोबर इंद्रगोपाचे नाव येते, ते याच कारणाने.

वैद्य, रत्नपारखी आणि कवी या तिघांनी एकाच किड्याचा दाखला द्यावा, यावरून तो त्या काळी किती सर्वपरिचित होता हे कळते. ज्या रंगाचा नमुना दाखवण्यासाठी कोणालाही बाहेर नेऊन बोट दाखवता येईल, तोच प्रमाण म्हणून निवडला जातो. आज आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला या सूत्रातील 'इंद्रगोप' पाठ असतो, पण तो किडा दाखवला तर ओळखता येईल अशी खात्री देता येत नाही. प्रमाणवस्तूच अनोळखी झाली तर प्रमाण कशाचे राहिले?

मराठी नाव आणि इतर देशी नावे :

'मृगाचा किडा' या नावातील 'मृग' म्हणजे हरीण नव्हे, हे शहरी विद्यार्थ्यांना आता सांगावे लागते. सूर्य मृगशीर्ष नक्षत्रात प्रवेश करतो तो ७ किंवा ८ जूनला आणि मराठी शेतकऱ्याच्या तोंडी 'मृग' हे एका काळाचे नाव आहे. मृग लागतो, मृग बरसतो, मृग कोरडा जातो. संत्र्याचा मृग बहार हाही त्याच काळाचा. कोकणात आणि वऱ्हाडात तो 'मिरग' होतो आणि किडा 'मिरगाचा किडा'. संस्कृत नावाने या जीवाचा रक्षक सांगितला, मराठी नावाने त्याची वेळ सांगितली. दोन्ही नावांचा रोख मात्र एकाच घटनेकडे आहे, ती म्हणजे पावसाचा आरंभ.

तेलुगू भाषेतही या किड्याला नक्षत्राचेच नाव आहे, पण ते मृगाचे नसून आर्द्रेचे आहे : 'आरुद्र पुरुगु', म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा किडा. आर्द्रा लागते ती २१-२२ जूनला, मृगानंतर पंधरवड्याने. हा फरक बुचकळ्यात टाकणारा आहे, कारण आंध्र व तेलंगणात पाऊस महाराष्ट्राहून उशिरा येतो असे नाही, आणि मृगशिरेचा आरंभ तेलंगणातही महत्त्वाचा मानला जातो. येथे एक अनुमान मांडता येते. संपातचलनामुळे नक्षत्रप्रवेशाची तारीख ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी, म्हणजे साधारणपणे कालिदासाच्या काळाच्या जवळपास, ऋतुमानाने पाहता मृग लागत असे तो मेच्या मध्यावर आणि आर्द्रा लागत असे ती मेच्या अखेरीस. त्या काळी हा किडा 'मृगाचा' म्हणवला जाणे कठीण, 'आर्द्रेचा' म्हणवला जाणे मात्र अगदी स्वाभाविक. तेव्हा तेलुगू नावात जुन्या पंचांगाची आठवण टिकली असावी आणि मराठी नाव त्यामानाने अलीकडचे असावे, असा तर्क करता येतो. तो तर्कच आहे. नावांची जुनी लिखित उदाहरणे सापडल्यावाचून त्याला निष्कर्ष म्हणता येणार नाही. पण 'इंद्रगोप' या नावाला अशी अडचण कधीच आली नाही, हे लक्षात येते. नक्षत्रे सरकतात, पावसाचा देव सरकत नाही.

तमिळमधील संघकाव्यात हा जीव 'मूदाय्' म्हणजे 'थोरली माय' या नावाने येतो. 'अहनानूरु'च्या चौदाव्या कवितेत तांबड्या मातीच्या वाटेवर गळलेली निळी फुले आणि त्यांतून रेघा ओढीत जाणारे हे किडे आहेत. तेथे त्याच्या नावाला जोडलेला 'ईयल' हा शब्द तमिळमध्ये पंख फुटलेल्या वाळवीसाठी आहे. मोठ्या मखमली कोळ्यांच्या काही जाती पावसानंतर बाहेर पडणारी वाळवी खातात, अशी प्राणिशास्त्रात नोंद आहे. त्यामुळे त्या जुन्या जोडनावामागे कोणाचे तरी बारीक निरीक्षण असण्याची शक्यता मोलाची वाटते. विशेष म्हणजे वाल्मीकी व कालिदास यांच्या हिरव्या पार्श्वभूमीऐवजी तमिळ कवीने तांबड्यावर तांबडा किडा दाखवला आहे. हिंदीत 'बीरबहूटी' आणि ओडियात 'साधव बहू' (सावकाराची सून) ही नावे नव्या नवरीच्या लाल वस्त्राकडे बोट दाखवतात. वस्त्राची जी कल्पना संस्कृत कवींनी श्लोकात मांडली, ती या भाषांनी नावातच आणली. मराठीने ती सोडून वेळ धरली. रूपाला वाव देणारे 'मखमली किडा' असे नावही मराठीत ऐकू येते, पण ते वर्णन आहे, नाव नव्हे.

बीरबहूटीचे तेल युनानी व लोकवैद्यकात वापरले जाते आणि त्यासाठी हे किडे गोळा करून विकलेही जातात. नांगराऐवजी ट्रॅक्टरने होणारी खोल मशागत, कीटकनाशके आणि बांधांवरचे गवत नाहीसे होणे या सर्वांचा जमिनीत राहणाऱ्या जीवांवर परिणाम होणारच. 'पूर्वी खूप दिसायचे, आता दिसत नाहीत' ही वडीलधाऱ्यांची तक्रार खेडोपाडी ऐकू येते. किड्याबरोबर नावही कमी ऐकू येऊ लागले आहे आणि 'इंद्रगोप' समजण्याची मराठी वाटही त्याच प्रमाणात बुजते आहे.

पाठ्यपुस्तकांसाठी टीप :

वरील विवेचनाच्या आधारे पाठ्यपुस्तकांतील व संपादित आवृत्त्यांतील टीपेविषयी काही ठोस सुचवता येते. 'कोचिनील' आणि 'काजवा' हे दोन्ही अर्थ काढून टाकावेत. 'लाल कोळी' हा शब्द शास्त्रीय दृष्ट्या जवळचा असला तरी शेतीतील त्याचा रूढ अर्थ वेगळा असल्याने टाळावा. काव्याच्या आवृत्तीत टीप अशी असावी : 'इंद्रगोप – पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर दिसणारा, अंगावर मखमलीसारखी लव असलेला गडद तांबडा जीव, मराठीत मृगाचा किडा.' आयुर्वेदाच्या ग्रंथांत याच टीपेबरोबर त्या किड्याचे रंगीत छायाचित्र द्यावे, आणि ते शक्यतो गेरूच्या पाण्याच्या छायाचित्राशेजारी द्यावे.